अर्ध्या लाइटचे बल्ब

१९८८ साली मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि विजेबद्दल मला सगळं माहीत होतं.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. दुसरीत गुरुजींनी मला नापास केलं असं लोक सांगतात, ते खोटं आहे. मीच त्यांना सोडलं. पण आकडे मला येतात. बल्बच्या डोक्यावर चाळीस लिहिलंय की शंभर, हे मी लांबून सांगायचो. बदलापूरच्या पुढे, चामटोलीच्या अलीकडे असलेल्या आमच्या आळीत तेवढंही सांगणारा दुसरा माणूस नव्हता. त्यामुळे कुणाचा बल्ब गेला की बोलावणं मला यायचं. मी जायचो, बल्ब काढून कानाशी हलवायचो, आतली तार वाजली की बोलायचो, "गेला." तो गेलाय हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. पण माझ्या तोंडून ऐकलं की त्यांचं समाधान व्हायचं आणि मला चहा मिळायचा.

आता आमची वीज कशी होती ते सांगतो. दिवसा चांगली यायची, पण दिवसा तिला काम काय? संध्याकाळ झाली, बदलापुरात घरोघरी बटणं दाबली गेली, की ती तिकडेच संपायची. तारेच्या शेवटाला आम्ही. आमच्याकडे उरलंसुरलं यायचं. शंभरचा बल्ब लावला तर आतली तार विझत आलेल्या विडीसारखी लाल दिसायची. बल्ब लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागायची. (थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.)

वीज ऑफिसात मी अर्जावर अर्ज दिले. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, खाली सही माझी, मोठी, अर्ध्या कागदावर. तिथला साहेब मला लांबून बघूनच बोलायचा, "होईल काका, नवी डीपी मंजूर आहे." डीपी, म्हणजे खांबावर बसतो तो लोखंडी डबा, आलीही होती. आळीच्या तोंडाशी गवतात ती पडून होती. तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढला, वेलाला घोसाळी लागली, ती आम्ही भजी करून खाल्ली. चांगली होती. नव्या डीपीपासून गावाला झालेला फायदा तो तेवढाच.

त्या साली माझ्या मुलीचं, सुनंदाचं, अंबरनाथला जमलं. मुलगा कारखान्यात, घर शिवमंदिराच्या अंगाला, घरात ट्यूबलाइट. मुलगी बघायला बाप-लेक दिवसाउजेडी येऊन गेले होते. सुपारी फोडायला मात्र व्याही आणि विहीणबाई संध्याकाळचे आले. विहीणबाई आमच्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. सुनंदा साडी नेसून पाटावर बसली. सोबतीला म्हणून बाजूला शेजारच्या पांडूची मुलगी कमळी बसली. वर माझा शंभरचा बल्ब लाल होऊन लटकत होता.

विहीणबाई पुढे झाल्या. कुंकू लावलं, ओटीत साडी घातली, नारळ घातला, तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि बोलल्या, "माझी सून लक्षुमी हाय हो."

लक्षुमी बोलली, "मावशी, मी कमळी. सून ती."

कोण हसलं ते अंधारात दिसलं नाही. पण आवाज पांडूचा होता. ओटीत घातलेला नारळ कुणी परत मागत नाही, म्हणून तो नारळ पांडूच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी पांडूनं त्याच्या वड्या करून मला पाठवल्या. त्या मी खाल्ल्या, पण विसरलो नाही.

विहीणबाई मात्र तिथंच उभ्या राहून बोलल्या, "असल्या कालोखात माझ्या पोराचं लगीन नाय व्हायचं. आज नारल चुकला, उद्या हार भलतीच्या गल्यात पडंल."

व्याही माणूस मऊ. ते बोलले, "असं करू, हळद आणि लग्न दोन्ही आमच्याकडे उरकू. मंदिराजवळ हॉल आहे. ट्यूबा आहेत, पंखे आहेत."

तेवढ्यात सुनंदा पाटावरून उठली. आमच्याकडे मुलीनं सुपारीच्या वेळी तोंड उघडायचं नसतं. तिनं उघडलं. (ती माझ्यावर गेलीय, असं सगळे बोलतात. मी त्यात दोष बघत नाही.)

"दादा," ती मला बोलली, मला ती दादाच बोलते, "माझ्या तिन्ही आत्यांची हलद या अंगनात लागली. मना पन हितंच पाह्यजे. हॉलात हलद लावायला मी काय भाड्यानं आनलेली नवरी हाय?"

असं बोलून ती आत गेली आणि रडायला लागली. मुलीचं रडणं बापाच्या कुठं लागतं ते मी सांगत बसत नाही. मी उठून उभा राहिलो आणि व्याह्यांना बोललो, "हळद माझ्या दारात होईल, आणि उजेडात होईल. हळदीच्या आधी एकदा संध्याकाळी येऊन बघा. उजेड कमी वाटला तर हॉल तुमचा."

पाहुणे गेल्यावर माझी बायको चांगुणा बोलली, "उजेड कुटून आननार?"

"बल्ब बदलायचा."

"त्यापेक्षा गॅसबत्त्या आना भाड्यानं. समदे आनतात."

"घरात वीज असून बत्ती लावली तर विहीण काय बोलेल?"

"आनी आता ती काय बोलली?"

बायकोला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची मला सवय नाही.

पहिल्यांदा मी बदलापुरातून दोनशेचा बल्ब आणला. हिशोब सरळ होता, शंभरचा कमी पडतो तर दोनशेचा पुरेल. लावला. निखारा होता त्याचा मोठा निखारा झाला. मग ट्यूबलाइट आणली, चोकसकट, स्टार्टरसकट. ती पेटायची नाही आणि विझायचीही नाही. लुकलुक, लुकलुक, नुसती डोळा मारत राहायची. कोंबड्यांना वाटायचं उजाडलं, मग वाटायचं मावळलं, मग परत उजाडलं. आठवडाभरात आमच्या कोंबड्याचं डोकं फिरलं, तो दुपारी आरवायला लागला. चांगुणा बोलली, "ट्यूब ठेवा नायतर कोंबडा ठेवा." मी ट्यूब उतरवली. हळदीला कोंबडा लागणारच होता.

शेवटी उल्हासनगर गाठलं. तिथं कॅम्पाच्या बाजारात मिळत नाही असं काही नाही, फक्त काय पाहिजे ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. लछूशेठ म्हणून एक सिंधी दुकानदार माझ्या ओळखीचा होता. दुकान एवढंसं, पण वरपासून खालपर्यंत बल्बच बल्ब. साधे, दुधी, मेणबत्तीसारखे, मुंबईच्या झुंबरांना लागतात ते वळणाचे. मी माझी अडचण सांगितली.

"काका, तुम्हारे इधर शाम को लाइट कितना आता है?"

"आधा," मी बोललो.

लछूशेठनं हनुवटी खाजवली. मग शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेलं एक खोकं खाली आणलं. आत कागदात गुंडाळलेले बल्ब.

"ये देखो. बाहर मुलुक के वास्ते बना था. गया नहीं, इधर ही रह गया. उस मुलुक में लाइट ही आधा होता है, तो ये आधे में फुल जलता है."

"एवढा गरीब मुलूख कुठला?"

"अमेरिका."

मी खोक्याकडे बघतच राहिलो. अमेरिका आणि आमची आळी एकाच लाइटवर चालतात हे मला कुणी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून अमेरिकेबद्दल मला आपुलकी आहे. मी बल्ब उलटा करून डोक्यावरचा आकडा वाचला. एकशे दहा लिहिलं होतं, शेजारी शंभर. खालची पिन आपल्यासारखीच.

लछूशेठ बोलला, "लेकिन एक बात, काका. इसको फुल लाइट में नहीं लगाना. एक सेकंड में खतम."

"आमच्याकडे फुल लाइट येत नाही."

"कभी आ गया तो?"

"शेठ, तुम्ही बल्ब विका. आमचं गाव मला शिकवू नका."

"ठीक है. माल वापस नहीं लूँगा."

"परत आणतोय कोण?" असं बोलून मी ते अख्खं खोकं घेतलं, माळ्यावर तसली आणखी होतीच.

त्या संध्याकाळी मी पडवीत बल्ब लावला. सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि बटण दाबलं. काय सांगू. पांढरा लख्ख उजेड पडला. भिंतीवरच्या पाली पळाल्या. चांगुणानं डोळ्यांवर हात घेतला. सुनंदा अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलली, "दादा, मना माझ्या बांगड्यांचा रंग दिसतो." मी नुसता पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिलो, जसा काही रोजच उभा राहतो.

सगळी आळी जमली. पांडू बल्बखाली उभा राहून मान वर करून बोलला, "ही वीज आमच्याच खांबावरची काय?"

"वीज तीच. डोकं वेगळं," मी बोललो.

दुसऱ्याच दिवसापासून जो तो उल्हासनगरला निघाला. मी सगळ्यांना सांगायचो, "लछूशेठकडे जा, माझं नाव सांग, अर्ध्या लाइटचा बल्ब माग." थोड्या दिवसांत सगळी आळी अमेरिका झाली. आळीतले जुने बल्ब, माझ्या शंभर-दोनशेच्या बल्बांसकट आणि ट्यूबसकट, भंगारवाल्याकडे गेले. फक्त एक नियम मी घालून दिला होता, बल्ब दिवेलागणीनंतरच लावायचा आणि झोपायच्या आधी बंद करायचा. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी शंका काढल्या असत्या.

हा नियम सगळ्यांनी पाळला, माझी बायको सोडून. एक दिवस ती पहाटे उठली, चूल पेटवायला स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. फाट करून आवाज झाला आणि बल्ब काळा पडला.

"काय केलंस?"

"बटन दाबलं."

"जोरात दाबलं असशील."

"बटन काय जोरात दाबतात? पहाटंची लाइट जास्त आसंल."

"बटण दाबायची पण रीत असते," असं बोलून मी नवीन बल्ब लावला आणि विषय संपवला. त्यानंतर ती पहाटे चिमणी लावायची आणि माझ्याकडे न बघता चहा द्यायची.

एक गोठा तेवढा राहिला. तिथं जुना साठचा बल्ब होता, आपला देशी, पुऱ्या लाइटचा. संध्याकाळी तो असून नसल्यासारखा. चांगुणा बोलली, "गोठ्यात पन लावा एक." मी बोललो, "म्हशीला काय वाचायचंय?" आणि तो तसाच राहिला. सगळे हसले. मीही हसलो.

हळदीच्या आधी ठरल्याप्रमाणे व्याही-विहीण उजेड बघायला आले. त्या संध्याकाळी मी आळीला सांगून ठेवलं होतं, सगळ्यांनी आपापले दिवे बंद ठेवा, म्हणजे वीज माझ्याकडे जास्त येईल. आळी अंधारात बसली आणि माझं घर जत्रेसारखं झगमगलं. विहीणबाईंनी अंगणात उभं राहून पिशवीतली सुई काढली, दोरा ओवला. एका झटक्यात ओवला गेला. त्या बोलल्या, "हां. हितं हलद लागंल." आतून सुनंदाच्या बांगड्या वाजल्या. ती बहुतेक उडी मारत होती.

व्याही मला बाजूला घेऊन बोलले, "सगळ्या आळीत अंधार आणि तुमच्याकडेच एवढा उजेड कसा हो?"

आता इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. पण मुलीचा बाप मुलाच्या बापासमोर असा कधी उभा राहतो? मी बोललो, "माझी खटपट असते. ऑफिसात अर्ज, पाठपुरावा. ते लोक मला ओळखतात."

"म्हणजे हे घर झालं, गावाचं राहिलंच."

"गावाचं काय, होईल तेव्हा होईल."

व्याह्यांनी मान हलवली, थोडे हसले आणि बोलले, "हळदीला माझ्याकडून एक आहेर येईल. काय ते आत्ता नाही सांगत. पण तुम्ही मनातून खूश व्हाल."

मला वाटलं लोखंडी कपाट. चांगुणाला वाटलं शिलाई मशीन. आम्ही ओटीवरचा कोपरा रिकामा केला, तिथली भाताची कणगी हलवली, जमीन सारवून घेतली. सुनंदा बोलली, "दादा, कपाट मुलीला देतात, बापाला कशाला देतील?" मी बोललो, "माणूस मोठ्या मनाचा आहे."

हळदीचा दिवस आला. अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला. आमच्यात लग्न एकाच्या घरात असलं तरी काम सगळ्या आळीचं. कुणाची भांडी, कुणाच्या चटया, कुणाचे पाट. या वेळी लोकांनी मांडवाला आपापले बल्बही आणून दिले. ज्यानं त्यानं घरातला बल्ब काढला आणि कपड्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. पांडूनं दिला तेव्हा बोलला, "माझा डाव्या खांबावर लाव. मना वलखायला येल." मी ओळीनं लावले. बटण दाबलं तेव्हा मांडवात दिवस उगवला.

अंबरनाथहून व्याही-विहीण उष्टी हळद घेऊन टेम्पोनं आले. आमच्या भागूबाई धवलारीण पाटाशी बसल्या. आमच्या लग्नात भटजीपेक्षा धवलारणीचा मान मोठा. ही बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी, बोलत एकेक विधी पार पाडते, आणि ती धवला धरून असते तोवर व्याह्यालासुद्धा खोकायची सोय नसते. सुनंदा पिवळ्या साडीत पाटावर बसली. भागूबाईंनी धवला धरला. हळदीची वाटी विहीणबाईंच्या हातात दिली.

आणि दिवे गेले.

बायका ओरडल्या. मी काही बोलणार एवढ्यात व्याह्यांचा आवाज आला, "कुणी घाबरू नका. थोडा वेळ थांबा. आहेर येतोय."

मी दोन दांडग्या माणसांना घेऊन मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. कपाट उतरवायला हात लागणार. टेम्पोचा आवाज येतोय का म्हणून कान दिला. आवाज आला, पण टेम्पोचा नाही. लांब खांबावरून कुणी तरी ओरडलं, "सोड रे."

आणि उजेड आला. मांडवातला तो आधीचा उजेड उजेडच नव्हता म्हणायचा. हा निळसर पांढरा, भट्टीत लोखंड तापतं तसा. त्या उजेडात मला सगळं एकदम दिसलं. पांडूच्या बनियनची भोकं दिसली. विहीणबाईंचे दोन दात नवे होते ते दिसलं. व्याही हात वर करून, हसून, "बघा..." असं बोलताना दिसले.

मग फट.

मग फट फट फटाफट, ओळीनं, माळ लावल्यासारखी. एक-दोन फुटून खाली आले, बाकीचे काळे पडून जागच्या जागी बसले. भागूबाईंनी हळदीच्या वाटीवर पदर टाकला, तो आवाज झाल्याबरोबर. त्या बाईचं डोकं फार चालायचं. आणि मांडवात असा अंधार झाला की शेजारचा माणूसही वासानंच कळावा.

त्या अंधारात व्याह्यांचा आवाज आला, आता जरा बारीक झालेला. "माझा मावसभाऊ वीज ऑफिसात आहे. त्याला सांगून तुमची नवी डीपी आज चढवून घेतली. फुल व्होल्टेज. हाच आहेर."

मग पांडू बोलला, "पोचला आहेर."

आमच्या गावात पहिल्यांदा पुरी वीज आली आणि पहिल्यांदा पुरा अंधार झाला. घरी जाऊन दिवा लावावा तर सगळ्या आळीचे बल्ब माझ्या मांडवात मरून पडलेले.

"पन वीज आली तर दिवं गेलं कुटं?" विहीणबाई.

पांडूनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. लछूशेठ, अमेरिका, एकशे दहा, सगळं. तो एवढं नीट समजावून सांगू शकतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

व्याही बोलले, "म्हणजे हे बल्बच चुकीचे होते?"

"बल्ब बरोबर होते," मी बोललो.

"मग चुकलं काय?"

"वीज."

विहीणबाई उठल्या. कशावर तरी अडखळल्या, सावरल्या आणि बोलल्या, "बस झालं. टेम्पो काढा. पोरीला घ्या, हलद अंबरनाथला लागंल. मी त्या दिवशीच बोललेली."

पाटावर सुनंदा होती. ती दिसत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता. रडायच्या आधी ती असाच श्वास घेते, लहानपणापासून. आणि मी, विजेतलं सगळं माहीत असलेला माणूस, तिच्यापासून चार हातांवर अंधारात उगाच बटण खालीवर करत उभा होतो.

भागूबाई बोलल्या, "पाटावर बसलेली नवरी हलदीबिगर उठत नाय. ज्याला अंबरनाथला जायाचा त्यानं जावा."

"पन दिसत नाय तर लावू कुटं? परत कमळीला लावू?" विहीणबाई.

तेवढ्यात घराच्या मागे म्हैस ओरडली. सगळ्यांनी तिकडे बघितलं. घराच्या मागून उजेड येत होता. कुडाच्या फटीफटीतून पांढऱ्या रेघा बाहेर पडून परसात लांबवर गेल्या होत्या. म्हैस ओरडत होती कारण तिला जन्मात पहिल्यांदा स्वतःची वैरण दिसत होती.

गोठ्यातला साठचा. देशी, पुऱ्या लाइटचा.

पांडू बोलला, "तो काडून मांडवात लावू."

मी पुढे झालो. तर भागूबाई अंधारातही मला ओळखून बोलल्या, "त्याला हात लावशील तर याद राख. एकच ऱ्हायलाय." आणि चांगुणा, माझी स्वतःची बायको, बोलली, "यांना बटनाजवल पन जाऊ देऊ नका."

मग बांगड्या वाजल्या. सुनंदा उठली, पाट काखेत मारला आणि चालायला लागली.

"गं, कुटं?" विहीणबाई.

"गोठ्यात."

"गोठ्यात हलद लावून घेनार?"

"माझ्याच दारातला हाय ना गोठा?"

सगळी वरात मागून निघाली. भागूबाईंनी वाटेतच धवला पुन्हा धरला. मी पळत पुढे जाऊन शेण भरलं. त्या संध्याकाळी मला कुणी दिलेलं तेवढं एकच काम.

तर माझ्या मुलीची हळद गोठ्यात लागली, दोन म्हशींच्या मध्ये, साठच्या बल्बखाली. अर्धे लोक आत, अर्धे दारात, उरलेले कुडाच्या फटींना डोळे लावून. विहीणबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत उचलून धरली होती. म्हशीनं व्याह्यांचा खांदा चाटला. त्यांना वाटलं मीच समजूत घालतोय. त्या उजेडात चांगुणाला वासा आणि कौल यांच्यामधली माझी बाटली दिसली. ती बाटली तिथं चार वर्षं होती. (बाटली तीच नव्हे, जागा.) तिनं एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि परत हळदीकडे. त्या गोष्टीचं पुढं काय झालं ते इथं सांगायची गरज नाही.

विहीणबाईंनी सुनंदाच्या गालाला हळद लावली आणि हात तसाच ठेवून थांबल्या. तिचं तोंड वर करून नीट बघितलं. मग बोलल्या, "अगं माझे बाय. तुझ्या हनुवटीवर तीळ हाय."

"हाय," सुनंदा बोलली.

"माझ्या आयेला होता असाच." आणि त्यांनी पिशवीतून नारळ काढला, कमळी कुठं बसलीय ते आधी बघून घेतलं आणि मग सुनंदाच्या ओटीत घातला. सुनंदा तेव्हा रडली. पण ते रडणं ऐकताना मला वाईट वाटलं नाही. मी म्हशीच्या मागे उभा होतो, तिथून मला कुणी बघतही नव्हतं.

हळद उरकल्यावर जेवणाच्या पंगती गोठ्याच्या दारातून पडलेल्या उजेडात बसल्या. वाढताना पांडू माझ्याजवळ आला आणि बोलला, "काय रे, म्हशीला काय वाचायचा होता?" मी त्याला जास्तीचं मटण वाढलं. दुसरं काय करणार? नंतर जाताना प्रत्येक जण मांडवातला आपापला काळा बल्ब काढून कानाशी हलवत होता आणि माझ्याकडे बघून बोलत होता, "गेला."

व्याही टेम्पोत चढताना मला बोलले, "वाईट नका वाटून घेऊ. आता तरी पुरी वीज आली. साधे बल्ब आणा, दिवाळी होईल."

ते बरोबर बोलत होते, हे मला कळत होतं. पण माझ्या खाटेखाली लछूशेठचं अर्धं खोकं अजून भरलेलं होतं. न वापरलेले, कागदात गुंडाळलेले, चांगले बल्ब. आणि लछूशेठ माल परत घेणार नव्हता, ते त्यानं तोंडावर सांगितलं होतं. रात्री पडल्या पडल्या मी दोन्ही बाजूंनी विचार केला. खोटं कोण? बल्ब का वीज? बल्बनं तर एकदाही दगा दिला नव्हता.

लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. म्हणून सकाळी, आळीतले बाकीचे लोक साधे बल्ब आणायला बदलापूरच्या बाजारात गेले तेव्हा मी अर्ज घेऊन वीज ऑफिसात गेलो. आमच्या आळीचं व्होल्टेज पहिल्यासारखं करून मिळावं, असा अर्ज. साहेबानं तो दोनदा वाचला. मग कपाटातून माझे जुने अर्ज काढून टेबलावर मांडले, सगळे व्होल्टेज वाढवून मागणारे, सगळ्यांवर अर्ध्या कागदाची माझी सही.

"काका, मग हे अर्ज कुणाचे?"

"माझेच आहेत, साहेब," मी बोललो. "पण तेव्हा मला विजेतलं काही कळत नव्हतं."